पूजेला बसलेली बायको

घटस्फोट घ्यायचा असं मनाशी पक्कं केलं तेव्हा माझी समजूत अशी होती की आपण कोर्टात जायचं, काय काय झालं ते सांगायचं, जजसाहेब ऐकून घेतील आणि एक कागद देतील. मी अठ्ठावीस वर्षांची होते, एम.ए. झालेली होते, लखनौला एका विमा कचेरीत नोकरी करत होते, आणि कायद्याबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते सगळं हिंदी सिनेमातून आलेलं होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणारा पुरुषच असणार, कारण बाईने मग कुठली पायरी चढावी हे त्याने सांगून ठेवलेलं नाही.

नवरा बँकेत अधिकारी होता. लग्न होऊन मी साताऱ्याहून लखनौला आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. चारचौघांत तो फार गोड बोलायचा. घरात त्याला राग यायचा. पोळी गार झाली म्हणून यायचा, दार उघडायला उशीर झाला म्हणून यायचा, कुणी त्याला "भाभीजी तो बड़ी हँसमुख हैं" म्हटलं तरी यायचा. राग आला की माझं मनगट धरून पिरगाळायचा, आणि तेही आवाज न करता. ओरडणं, भांडी फेकणं त्याला गावंढळपणाचं वाटे. चौथ्या वर्षी, एका रविवारी सकाळी, त्याने उजवं मनगट इतकं पिरगाळलं की हाड मोडलं. स्कूटरवर बसवून तोच मला इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "कैसे हुआ?" त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "बाथरूम में फिसल गई."

मला कुणी पढवलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मात्र बाळकडूबरोबरच पाजलेलं होतं. डॉक्टरांनी माझं वाक्य जसंच्या तसं इस्पितळाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. हाड जुळलं, पण जरासं वाकडं.

प्लॅस्टर निघाल्यावर महिन्याभरात, होळीच्या आसपास, त्याने तेच मनगट पुन्हा धरलं. या वेळी हाड मोडलं नाही. त्याने पिरगाळलं आणि सोडलं आणि पेपर वाचायला बसला. मी दोन पिशव्या भरल्या आणि निघाले. जानकीपुरमला एका विधवा बाईंकडे खोली मिळाली. तेव्हा तिकडे निम्मी घरं आणि निम्मी शेतं होती, आणि टेम्पो, म्हणजे तिकडची सहा आसनी रिक्षा, मुख्य रस्त्यावरच सोडून द्यायचा. आईला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, पदरी पडलं पवित्र झालं, माणूस निर्व्यसनी आहे, जरा सांभाळून घे. मी ते पत्र फाडलं. मग तुकडे चिकटवले. मग परत फाडले.

नवऱ्याने मला परत बोलावलं नाही की आणायला आला नाही. फक्त एकदा कचेरीत फोन करून शांतपणे म्हणाला, "जा कुठे जायचं तिथे. मरेपर्यंत बायको माझीच राहशील." मला भीती त्याच वाक्याची होती. मार चुकवता येतो, घर सोडता येतं, पण प्रत्येक फॉर्मवर, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात त्याचं नाव माझ्या नावाला चिकटलेलं होतं आणि ते काढायची किल्ली त्याच्याच खिशात होती. ते नाव माझ्यावरून उतरलं नाही तर मी जगणार नाही, असं मला त्या दिवसांत खरोखर वाटत होतं. अतिशयोक्ती करायची म्हणून लिहीत नाही.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर मी कैसरबागला, कोर्टाच्या आवारात, एका वकीलबाईंकडे गेले. पन्नाशीच्या, काळ्या कोटावर शाल, मांडीवर लोकर. थंडीत तिथल्या बऱ्याच वकीलबाया पुकारा होईपर्यंत विणत बसायच्या. माझी हकीकत त्या टाके मोजता मोजताच ऐकत होत्या. मनगटापर्यंत आले तशी मला रडू फुटलं. त्यांनी ओळ पुरी केली, सुई फिरवली आणि म्हणाल्या, "रोइए मत. सबूत बताइए."

मग त्यांनी मला तलाक म्हणजे काय ते समजावलं. एक रस्ता सरळ आहे. दोघं एक वर्ष वेगळे राहिलेले असले आणि दोघांची मर्जी असली तर मिळून अर्ज करायचा. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की अजून मर्जी तीच आहे. मधल्या काळात एकाने जरी हात मागे घेतला तरी सगळं मुसळ केरात. "वो दस्तख़त करेंगे?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग दुसरा रस्ता. एकट्याने दावा लावायचा आणि कारण सिद्ध करायचं. आमचं कारण होतं क्रूरता. दावा दाखल, मग त्याला समन, मग जजसमोर समेटाचा प्रयत्न, तो फसला तर त्याचं लेखी उत्तर, मग माझी साक्ष, माझी उलटतपासणी (तिला तिकडे जिरह म्हणतात), मग साक्षीदार, मग त्याची बाजू, मग बहस, म्हणजे दोन्ही वकिलांचा युक्तिवाद, आणि शेवटी निकाल. आणि या प्रत्येकाच्या मधे तारखा. या कोर्टात वकिलालाही आधी जजची परवानगी काढावी लागते, हेही त्याच दिवशी कळलं. मला एम.ए.ला सुद्धा एवढं पाठ करावं लागलं नव्हतं.

"अब सबूत," त्या म्हणाल्या.

मी इस्पितळाची चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इसमें तो आप फिसली हैं."

शेजारपाजार? मी शेजाऱ्यांना कधी कळू दिलं नव्हतं. उलट एकदा शेजारणीने विचारलं तेव्हा मी तिलाच झापलं होतं. पत्रं? आईकडे मी दर पंधरा दिवसांनी पत्र टाकायची. आईने रागारागाने का होईना, पण सगळी जपून ठेवलेली पत्रं पाठवून दिली. मी एकेक उघडून पाहिलं. येथील सर्व क्षेम. आम्ही दोघे मजेत आहोत. ह्यांना बढती मिळणार आहे. एकाही पत्रात एक ओळ नव्हती. चार वर्षं मी, न चुकता, स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करत बसले होते, आणि काय सुबक अक्षरात! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण माझं तोंड कुणी दाबलं नव्हतं. ते मीच दाबून धरलं होतं. माझा मलाच इतका संताप आला की ती पत्रं मी वकीलबाईंना दाखवलीसुद्धा नाहीत.

तरी दावा लागला. त्याला समन जायला तीन खेपा लागल्या. दोनदा तो "घर पर नहीं मिले", तिसऱ्यांदा कागद दारावर चिकटवावा लागला. समेटाच्या तारखेला जजसाहेबांनी आम्हाला आत बोलावलं. मनुष्य भला होता, दमलेला होता. त्यांनी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "सर, मैं तो आज भी ले जाने को तैयार हूँ." असा काही म्हणाला की मलाच क्षणभर वाटलं, बिचारा. मला विचारलं, मी नाही म्हणाले. समेट फसला असं लिहिलं गेलं. आणि मग त्याच्या वकिलाने लेखी उत्तर दिलं, त्याच्या मागे एक फोटो लावलेला होता.

वकीलबाईंनी तो फोटो पाहिला आणि पहिल्यांदाच विणकाम बाजूला ठेवलं. "ये क्या है?" त्यांनी विचारलं. फोटोत मी आणि नवरा पाटावर शेजारी शेजारी बसलो होतो. समोर चौरंग, केळीचे खांब. तो कद नेसलेला, मी जरीच्या साडीत, आणि माझा उजवा हात त्याच्या हातावर.

"पूजा है," मी म्हणाले.

"वो मुझे भी दिख रहा है. कब की?"

घर सोडल्यावर सहा महिन्यांनंतरची. दावा लावायच्या दोन महिने आधीची.

त्यांनी डोळे मिटले. मग सावकाश सांगितलं. कायद्यात एक गोष्ट आहे, काँडोनेशन. म्हणजे नवऱ्याने छळ केला हे खरं धरलं, तरी बायकोने तो नंतर माफ केला असेल आणि पुन्हा नवराबायकोसारखं वागायला लागली असेल, तर त्या छळाच्या नावावर घटस्फोट मिळत नाही. गुन्हा असतो, पण पुसलेला असतो. त्याचा वकील म्हणत होता की हा फोटो म्हणजेच माफी. "हाथ पर हाथ रखा है आपने," वकीलबाई म्हणाल्या. "आपके यहाँ ये कौन सा रिवाज है?"

त्यांना काय सांगू? आपल्याकडे पूजेला मेहूण बसतं. सगळं नवरा करतो, आणि भटजी म्हणतात, हाताला हात लावा. बायकोने नवऱ्याच्या हाताला नुसता हात लावला की तिची पूजा झाली. लखनौच्या कोर्टात हे पहिल्यांदाच कुणी समजावून सांगत असेल.

त्या पूजेचं असं झालं. शहरातल्या मराठी लोकांचं एक छोटं मंडळ होतं. बँकेतले, छावणीतले लष्कराचे, रेल्वेचे, सगळे मिळून गणपती बसवायचे. शाळेचा हॉल मिळायचा. एरवी कोण कुणाला भेटत नसे, त्यामुळे मी घर सोडल्याची बातमी तिथे पोचलीच नव्हती. सत्यनारायणाच्या दिवशी मी मुद्दाम एकटी गेले. सहा महिन्यांत कुणाशी मराठीत पोटभर बोलले नव्हते, कुठेतरी जाऊन दोन तास आपल्या भाषेत बसावं एवढीच हाव होती. गेले तर नवरा कद नेसून तयार. छावणीतलं जे जोडपं बसणार होतं त्याची अचानक बदली झाली होती, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी फोन केल्यावर तो म्हणाला होता, आम्ही बसू की दोघं. ते त्याने कोर्टाचा विचार करून केलं असं मला वाटत नाही. तेवढा तो हुशार नव्हता.

अध्यक्षांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो, मला बाजूला घेऊन गेल्या. चारबागजवळ राहायच्या, तीस वर्षं लखनौत काढलेली. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी; सोवळंओवळं मात्र शंभर टक्के. मी त्यांच्या कानात कसंबसं सांगितलं की काकू, मी ह्यांच्याकडे राहत नाही आता. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझा हात हातात घेतला होता, आणि त्यांचं बोट मनगटाच्या वाकड्या हाडावर थांबलं.

"हे काय गं?"

"घसरले होते. बाथरूममध्ये."

बाहेरून हाका यायला लागल्या, मुहूर्त टळतोय म्हणून. काकू म्हणाल्या, "बसतेस का? बघ हं, तुला विचारतेय मी." आणि थांबल्या. हॉलमध्ये साठ माणसं होती. मी म्हणाले, "बसते."

एकदाही नाही म्हटलं नाही मी. हे नीट सांगायला हवं, म्हणून सांगते. आणि याहून वाईट गोष्ट, जी मी वकीलबाईंनाही सांगितली नाही, ती ही की भटजींनी हाताला हात लावा म्हटलं आणि मी लावला तेव्हा मला बरं वाटलं. त्याचा हात गरम होता. कथा चालू होती, कापूर जळत होता, तो मान खाली घालून बसला होता आणि मला वाटलं, कदाचित. कदाचित सुधारेलही. कदाचित हीच सुरुवात असेल. अर्धा तास मी त्या माणसाला मनापासून माफ करून टाकलं होतं. कायदा ज्याला माफी म्हणतो ना, अगदी तीच.

प्रसाद झाला, लोक फाटकात उभे होते, म्हणून मी त्याच्या स्कूटरवरही बसले. नाक्यापर्यंत गेल्यावर तो मागे वळून म्हणाला, "बघ, किती सोपं असतं. आता नाटकं बंद कर." मी तिथेच उतरले आणि जानकीपुरमचा टेम्पो धरला. टेम्पोत एक बाई मला विचारत होती की साडी बनारसी आहे का. मी हो म्हणाले. नारायणपेठ होती.

माझी साक्ष मार्चमध्ये झाली. मनगटाचं सगळं मी नीट सांगितलं. मग त्याचा वकील उठला. आधी इस्पितळाची चिठ्ठी वाचून घेतली, माझ्याकडूनच. मग फोटो पुढे केला. "ये हाथ किसका है?" माझा. "किसके हाथ पर है?" त्यांच्या. "किसी ने बंदूक रखी थी?" नाही. "पूजा के बाद स्कूटर पर साथ गईं?" हो. "अपनी मर्ज़ी से बैठी थीं पूजा में?"

वकीलबाईंनी माझ्याकडून दहादा घोकून घेतलं होतं, म्हणायचं, मजबूरी थी, समाज का दबाव था. सोपं होतं. चार वर्षं खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता. पण तिथे उभी राहिले आणि तो कापराचा वास आठवला, आणि शब्दच फुटेना. जजसाहेबांनी पुन्हा विचारलं. मी खाली बघत राहिले. शेवटी त्यांनी टंकलेखकाला लिहायला सांगितलं: साक्षी मौन रही.

बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्यावर इतक्या चिडल्या की त्यांचं 'आप' सुटून 'तुम' झालं. "तुमने अपने हाथ से फाँसी लगा ली." मी भिंतीला टेकून उभी होते. पुढे काय दिसत होतं मला? दावा फेटाळणार. मी त्याची बायको. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मरेपर्यंत. त्या उन्हाळ्यात मी कचेरीतून खोलीवर आले की दाराला आतून कडी घालून नुसती बसून राहायची. घरमालकीण जेवायला हाक मारायची तर वाटायचं, कशाला जेवायचं?

"उस पूजा में आपको बिठाया किसने था?" पुढच्या तारखेला वकीलबाईंनी विचारलं. "उसे लाइए. और कुछ नहीं बचा."

मी चारबागला काकूंकडे गेले. त्यांना या वेळी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मधेच उठून देवघरातली समई सारखी करून आल्या. मी म्हणाले, "काकू, तुम्ही साक्षीला याल का?"

"कोर्टात? मी?" त्या इतक्या घाबरल्या की मलाच दया आली. "अगं, आमचे हे काय म्हणतील? आपल्यातलं भांडण त्या लोकांसमोर नेऊन मांडायचं?"

"काकू, माझं दुसरं कुणी नाही हो."

त्यांनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येईन. पण एक सांगते, शपथ घेऊन खोटं बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही. जे झालं तेच सांगेन."

मी हो म्हणाले आणि परत आले. परत येताना टेम्पोत मला कळत होतं की आपण आपला शेवटचा साक्षीदार आपल्याचविरुद्ध उभा केला आहे. कारण जे झालं ते हेच होतं. त्यांनी विचारलं, मी बसते म्हणाले. वकीलबाईंनी विचारलं, काकू काय बोलतील? मी म्हणाले, खरं. त्यांनी विचारलं, खरं काय आहे? मी सांगितलं. त्या बराच वेळ लोकर गुंडाळत बसल्या. "नाम दे चुके हैं," एवढंच म्हणाल्या. "आने दीजिए."

जुलैतल्या तारखेला काकू नऊवारी नेसून आल्या, पूजेला नेसायच्या तशी. कोर्टाच्या पेशकाराने, म्हणजे कागद सांभाळणाऱ्या कारकुनाने, शपथेचे शब्द भराभर म्हणायला घेतले. काकूंनी त्याला थांबवलं. "हाथ किस पे रखना है?"

"किसी पे नहीं, माताजी. बस बोल दीजिए."

"ऐसे ही?" त्यांना ते पटलं नाही. मग त्यांनी हात जोडले आणि एकेक शब्द सुटा सुटा उच्चारत शपथ घेतली. ईश्वर की शपथ लेती हूँ. जो कहूँगी सच कहूँगी. नवरा समोरच्या बाकावर आरामात बसला होता. काकू खोटं बोलणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं.

वकीलबाईंनी विचारलं, पूजेला बसायला हिला कुणी सांगितलं?

"मैंने."

"इन्होंने क्या जवाब दिया?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग जजसाहेबांकडे. "ना बोली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मैंने फिर पूछा. फिर ना बोली. फिर मैंने पूछा ही नहीं. साठ लोग बैठे थे, मुहूर्त जा रहा था. मैंने हाथ पकड़ा और बिठा दिया. इसका हाथ उठा के उसके हाथ पे मैंने रखा, साहब. इसने नहीं रखा."

नवरा ताडकन उठला. "काकू, खोटं बोलताय तुम्ही!" मराठीतच ओरडला. त्या कोर्टात तो पहिल्यांदा खरं बोलला होता, आणि मराठीत बोलल्यामुळे कुणालाच कळलं नाही. जजसाहेबांनी विचारलं, क्या कहा? त्याच्या वकिलाने त्याला बाही ओढून खाली बसवलं आणि स्वतः उठला. "माताजी, फ़ोटो में तो ये मुस्कुरा रही हैं."

"फ़ोटो खींचनेवाले के सामने कौन रोता है?"

"आपको पता है ये बाथरूम में गिरी थीं? अस्पताल की पर्ची है."

"मुझको भी वही बोली थी," काकू म्हणाल्या. "हमारे में सब औरतें बाथरूम में ही गिरती हैं, साहब. एक ही बाथरूम में आदमी भी नहाता है, वो कभी नहीं गिरता."

पेशकाराने मान वर केली. जजसाहेबांनी मला पुढे बोलावलं आणि मनगट दाखवायला सांगितलं. त्यांनी हात लावला नाही, नुसतं चष्मा सारखा करून पाहिलं, आणि मग बराच वेळ टंकलेखकाला काहीतरी सांगत राहिले.

परतताना टेम्पोत मी आणि काकू शेजारी बसलो होतो. मी हळूच म्हणाले, "काकू, मी नाही म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे मला," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "पण तुझं तोंड मी पाहिलं होतं ना गं तेव्हा. चेहरा नाहीच म्हणत होता."

माझ्या तोंडावर त्या अर्ध्या तासात काय होतं ते मला ठाऊक होतं. मी त्यांना ते सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्या वळून परत कोर्टात गेल्या असत्या, हेही मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. चारबागला त्या उतरल्या आणि म्हणाल्या, घरी पोचलीस की काहीतरी खा.

निकाल त्याच हिवाळ्यात लागला. त्यात लिहिलं होतं की पत्नी पूजेला स्वेच्छेने बसली नव्हती, म्हणून ती माफी धरता येत नाही. दावा मंजूर. वकीलबाईंनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. मग अपिलाची तीस दिवसांची मुदत होती. ते तीस दिवस मी एकेक मोजून काढले, पण तो अपिलात गेला नाही. एकतिसाव्या दिवशी मला आनंद होईल असं वाटलं होतं. मी कचेरीत गेले, जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला आणि परत कामाला बसले.

पुढच्या गणपतीला मी मंडळात गेले. काही लोक बोलत होते, काही बोलत नव्हते. तो येत नसे, त्याची बदली झाली होती. हॉलमागच्या स्वयंपाकघरात छावणीतली एक तरुण बाई उकडीच्या मोदकांशी झटापट करत होती. नैवेद्याचा स्वयंपाक वीस वर्षं काकूंच्याच हातचा असायचा, सोवळ्यात, दुसऱ्या कुणाला त्या शेगडीला हात लावू देत नसत. काकू कोपऱ्यात सतरंजीवर बसून पंगतीची सब्जी चिरत होत्या. कुणीतरी मला सांगितलं, गुडघे धरलेत त्यांचे, उभं राहवत नाही.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "फार दुखतात का गुडघे?"

"गुडघ्यांना काय झालंय?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. दुधी चिरणं चालूच होतं. "शपथ घेऊन खोटं बोलले ना गं. आता या हातचं त्याला कसं वाढू?"

मी म्हणाले, "काकू, एक सांगायचं होतं. त्या दिवशी पूजेत मी..."

"काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. त्यांनी विळी आडवी केली, पदराला हात पुसले, मागच्या पातेल्यातून सब्जी घेतली, दोन पुऱ्या ठेवल्या आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "देवाला नाही चालत. तुला चालतं ना माझ्या हातचं? मग जेव."